दोर

पाळक महिन्यातून एकदा येतो, बोट चालू असली तर.
बाकीच्या रविवारी उपदेश मी वाचतो
काळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातून,
एकतीस वर्षं.
एकही रविवार चुकला नाही.
हे मी कुणाला सांगत नाही.
विचारलं, तर सांगतो.

फेरो बेटांतलं आमचं गाव म्हणजे अकरा घरं,
छपरांवर गवत, खाली समुद्र,
आणि वाऱ्याला कुठलंच दार बंद नाही.
पाळक येतो त्या रविवारी
मी सगळ्यांत मागच्या बाकावर बसतो,
शेवटच्या जागेचं मोल मला ठाऊक आहे म्हणून.
बसण्याआधी एकवार बघून घेतो
कोणी कोणी पाहिलं.

ब्रान्डूर पितो.
देवळात येतो तो माशाच्या वासासकट,
गीतं सुरात म्हणत नाही,
उपदेशात घोरतो, आमेनला दचकतो.
मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचो,
मोठ्यानं, नाव घेऊन, सगळ्यांदेखत.
तो मान खाली घालायचा.
मला वाटायचं, देव काम करतोय.
नाकानं कांदे सोलत होतो मी
आणि डोळ्यांतलं पाणी
पश्चात्तापाचं समजत होतो, ब्रान्डूरच्या.

ऑक्टोबरात मालानची मेंढी कड्याखाली अडकली.
मालान विधवा. मेंढी एवढी एकच.
तरणे सगळे मासेमारीला गेलेले.
उरलो मी, एक शाळकरी पोर,
आणि ब्रान्डूर.
मी हलका म्हणून दोराला मी,
तो दणकट म्हणून धरायला तो.
गाठ त्यानं बांधली. मी दोनदा तपासली,
त्याच्या समोर.

मेंढी आधी वर गेली. तिला घाई होती.
मग दोर परत आला, कमरेला बसला,
आणि पायाखालचा खडक सुटला.

गर्वाचं घर खाली, म्हणतात.
किती खाली, ते तिथून नीट दिसतं.
पांढरा फेस, काळं पाणी,
माझ्या बुटांच्या मध्ये उडणारे पक्षी,
त्यांच्या पाठी.
मी पाठीकडून पक्षी कधी बघितले नव्हते.

पाठ असलेलं काही म्हणजे काही आठवलं नाही.
एकतीस वर्षांचे उपदेश
खिशातल्या नाण्यांसारखे आधीच पडून गेले होते.
तोंडातून एकच शब्द निघाला,
ब्रान्डूर.
तेच नाव, जे मी देवाला
इतक्यांदा तक्रारीसारखं दिलं होतं.

वर धुकं.
धुक्यातून आवाज आला,
"आहे."

बस. एवढंच.
मग दोर इंच इंच वर.

वर पोचलो तेव्हा त्याच्या तळव्यांना कातडी नव्हती.
तोंडाला वास होता.
होता, तर होता.
तो म्हणाला, "दिसतोस त्याहून जड आहेस रे,"
आणि गवतावर बसून हसला,
रक्ताळलेले हात आभाळाकडे उघडे ठेवून.
मी इतकी वर्षं लोकांना शिकवतो,
प्रार्थनेत हात कसे धरावेत.

रविवारी त्याच्या दोन्ही हातांना फडकी.
पुस्तक उघडता येईना.
उपदेश वाचून झाला, गीत सुरू झालं,
तसा मी खाली उतरलो
आणि त्याच्या शेजारी बसून पानं उलटली.
तो बेसूर, मोठ्यानं, तीन कडवी म्हणाला.
चौथ्याला पान उलटताना
माझी मान आपोआप वर झाली,
कोण बघतंय ते बघायला.

मालान बघत होती.
तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.
हसली असावी.
माझे कान तापले,
आणि पान दोन पानं एकदम उलटलं,
ब्रान्डूर मात्र थांबला नाही,
जे समोर आलं ते म्हणत राहिला.

आता रात्री दिवा मालवल्यावर
माझ्या लांबलचक प्रार्थना होत नाहीत.
सुरू करतो, आणि मध्येच ऐकू येतं
की मी छान म्हणतोय.
मग थांबतो.
अंधारात कमरेला हात लावून बघतो,
दोर नाही, वळ अजून आहे.
"धर," म्हणतो.
आणि वाऱ्यात कान देऊन पडून राहतो.